काडेपेटीतलं रान

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्याकडे लाइट गेली. अंबरनाथमध्ये मे महिना आणि लाइट यांचं फारसं पटत नाही, तेव्हा यात बातमी काही नव्हती. गॅसला आता लायटर असतो, अंधाराला मोबाइल असतो. काडेपेटीला घरात काम उरलं आहे ते देवापुढच्या दिव्यापुरतं. बायकोने फडताळावर हात फिरवून एक पेटी काढली, उघडली आणि चिमटीत आलेली वस्तू सवयीने पेटीच्या कडेवर खरवडली. ती पेटली नाही. ती बहाव्याची बी होती. दुसरी पेटी उघडली तर बोटांना कापूस लागला. तिसरीतलं काहीतरी बारीक खुळखुळलं आणि फरशीवर सांडलं. थोडा वेळ शांततेत गेला. मग अंधारातून आवाज आला, "अहो, या घरात देवाला दिवा लावायचा तर किती झाडं ओलांडावी लागतात?"

मी गप्प बसलो. प्रश्न रास्त होता. फडताळावर त्या वेळी सत्तावीस काडेपेट्या होत्या आणि काड्या त्यातल्या एकीत होत्या. बुडत्याला म्हणे काडीचा आधार असतो. आमच्याकडे देवालाही तो नव्हता.

बिया काडेपेटीतच का, याचं उत्तर माझ्या वडिलांपाशी जातं. ते खेड तालुक्यातल्या एका वाडीतून अंबरनाथला आले आणि विमकोत चिकटले. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी ही स्वीडनच्या काडेपेटीवाल्यांनी 1923 साली आपल्याकडे काढलेली कंपनी. गावातल्या एका नाक्याला अजून तिचं नाव आहे. तिथे रिक्षा पकडणाऱ्या पोरांना विमको हा कुणी साधुपुरुष असावा असं वाटत असेल तर त्यांचा दोष नाही. काड्यांना सावरीचं लाकूड लागायचं. हलकं, फिक्कट पांढरं, सरळ धाग्याचं. यंत्रावर ओंडका फिरवत त्याची अखंड पातळ पट्टी सोलायची, जशी हुशार मुलं पेन्सिलीची साल न तुटू देता काढतात तशी. पट्टीच्या काड्या कापायच्या, त्या मेणात बुडवायच्या म्हणजे ज्योत गुलावरून लाकडावर नीट उतरते, आणि शेवटी टोकाला गूल चढवायचा. वडील हे सगळं मांडवात नेण्याआधी नवरी सजवावी अशा कौतुकाने सांगत. मी एकदा विचारलं, "एका झाडाच्या किती काड्या होतात हो, अण्णा?" ते म्हणाले, "मोजायला बसलो तर पाळी संपेल."

आमच्या वाडीत होळीला शेवर तोडायची चाल. शेवर म्हणजे सावरच. म्हणजे आमच्या घराण्याने ही सावर गावाला असताना एकदम जाळली आणि अंबरनाथला आल्यावर काडी काडी करून. माझ्या शाळेची फी, बहिणीचं लग्न, आईचा चष्मा, सगळं त्या एका झाडाच्या पांढऱ्या लाकडातून सोलून निघालं. गंमत अशी की ते झाड मी ओळखत नव्हतो. फेब्रुवारीत मलंगगडाच्या बाजूला अंगावर एकही पान नसताना लालभडक फुलं घेऊन उभं राहणारं, पळसापेक्षा उंच असं काहीतरी मी लोकलच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत होतो. ज्याच्या पैशावर मोठा झालो त्याला रोज रस्त्यात पाहावं आणि "हे कोण बरं?" म्हणावं, तसं ते झालं.

ओळख झाली ती निवृत्तीनंतर, एप्रिलमध्ये, तीही वाळत घातलेल्या कपड्यांवरून. सावरीची बोंडं तडकली की तिचा कापूस वाऱ्यावर निघतो. तो कुठून आला कोण जाणे, पण आमच्या गॅलरीत आला आणि बायकोच्या ओल्या साडीला चिकटला. तिने तो माझ्या हातावर ठेवला, म्हणजे तक्रार दाखल केली. त्या रेशमी पुंजक्याच्या मधोमध मिरीएवढी काळी बी होती. मी ती ठेवायला काहीतरी शोधू लागलो, आणि हाताशी होती रिकामी काडेपेटी. बी आत ठेवून पेटी बंद केली आणि बंद करता करता माझ्या लक्षात आलं की सावर आमच्या घरी पुन्हा काडेपेटीतच आली आहे. फक्त या खेपेला ती उलट्या दिशेने चालली आहे.

बी मिळाली की माणूस कुंडीकडे वळतो. पण रानातल्या झाडाला कुंडी देणं म्हणजे बैलाला कोच देण्यासारखं आहे. त्याला पिशवी लागते: हाताच्या वितीएवढी, काळी, बुडाशी भोकं पाडलेली. रोपवाटिकेत त्यांच्या ओळी पाहिल्या की शाळेची प्रार्थना चालू आहे असं वाटतं. मी आधी दुधाच्या पिशव्यांवर निभावलं. अर्ध्या लिटरच्या पिशवीचं तोंड कापायचं, धुवायची, दाभणाने भोकं पाडायची, झालं. पण रद्दीवाला दुधाच्या पिशव्यांचे किलोवर पैसे देतो आणि त्या पैशांवर बायकोचा पूर्वापार हक्क. त्यामुळे मी पिशव्या विकत घ्यायला उल्हासनगरला गेलो, कारण आमच्या भागात कुठलीही वस्तू मिळत नसेल तर ती उल्हासनगरात मिळते, आणि कुठेच तयार होत नसेल तर तिथे तयार होते.

पॅकिंगच्या पिशव्यांचं ते दुकान एका जुन्या बराकीच्या पोटात आहे. गल्ल्यावर बसलेल्या सत्तरीच्या सिंधी गृहस्थांनी विचारलं, "साईं, काय भरणार? फरसाण की बटणं?" मी म्हटलं, "झाडं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक वेडं असलं तरी रोख देणारं आहे ना, एवढं पाहायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं आणि पिशव्या तागडीत टाकल्या. या दुकानाकडे मी पुन्हा येणार आहे.

मातीचं गणित सोपं असतं: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. अवघड असते ती वाहतूक. शेणखत माझ्या साडूंच्या ओळखीने बदलापूरला मिळालं. बदलापूर ते अंबरनाथ म्हणजे लोकलचं एक स्टेशन. पण शेणखताचं पोतं खांद्यावर घेऊन चढलं की ते एक स्टेशन कर्जतहून निघाल्यासारखं लांबतं. मी मालडब्यात चढलो. तिथे रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या दोन कोळणी होत्या. त्यांनी आधी पोत्याकडे, मग एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने पदर नाकाला लावला. आयुष्यात अनेकांनी माझा अपमान केला आहे, पण मासळीच्या टोपलीवर बसून कुणी नाक दाबावं असा प्रसंग त्याआधी आला नव्हता.

पिशव्या भरून झाल्या, बिया पेरल्या, आणि मग मला कळलं की बी ही वस्तू नसून स्वभाव आहे. करंज हा सालस मुलगा. मातीत टेकवला की उगवतो, उगवल्याचं कौतुकही मागत नाही. आवळ्याला ऊन दाखवावं लागतं, तेव्हा त्याची आठळी तडकून आतल्या बिया बाहेर पडतात. सागाचं फळ रात्री पाण्यात भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठवडाभर करायचं. एवढे लाड करूनही साग उगवला तर उगवतो. आणि मोहाच्या बीला आजचं उद्यावर ढकललेलं चालत नाही. ती पडली की पेरायची, नाहीतर ती रुसते आणि ते रुसणं कायमचं असतं.

बहावा मात्र माझा आवडता. त्याची शेंग हातभर लांब, काळी, दांड्यासारखी. कधी उभी चिरून पाहा: ती आडवी टाकलेली चाळ आहे. पातळ भिंतींच्या एका मापाच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एकच बिऱ्हाड, आणि भिंतींना काळा चिकट गोड गर. हा गर जनावरं खातात. तो सारक असतो. म्हणजे गोड बोलून पाहुण्याला जेवायला बसवायचं आणि बी दूरच्या रानात जाऊन पडेल याची व्यवस्थाही त्याच जेवणात करून ठेवायची. अशी दूरदृष्टी मी फक्त काही मोजक्या यजमानांत पाहिली आहे. पण बीचं कवच असं की त्यातून पाणी आत शिरत नाही. जनावराच्या पोटातून जावं किंवा कुणीतरी ते घासावं, तेव्हा ते दार उघडतं. मी पॉलिश पेपर शोधत होतो, तो मिळाला नाही. काडेपेटीची कड हाताशी होती. एकेक बी घेऊन मी त्या कडेवर घासू लागलो. शेजारच्या मुलाने दारातून विचारलं, "आजोबा, काय पेटवताय?" मी म्हटलं, "बहावा." त्याने थोडा वेळ वाट पाहिली, काही पेटलं नाही, तो निघून गेला. पंधराएक दिवसांनी पिशवीतल्या काळ्या मातीवर एक पोपटी टोक वर आलं, अगदी काडीच्या ज्योतीच्या आकाराचं. मी त्याला बोलावून दाखवलं. "एवढा वेळ लागतो?" तो म्हणाला. लागतो. काडी क्षणात पेटते आणि बोट भाजायच्या आत संपते. या दुसऱ्या काडीचा हिशेब सगळाच उलटा आहे.

जांभळाने मला शहाणं केलं. बदलापूरचं जांभूळ नावाजलेलं. शेजारच्या गावाचं नावच जांभूळ, तेव्हा यात वशिल्याचा प्रश्न नाही. जूनच्या सुरुवातीला ठाकरणी आणि कातकरणी स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं घेऊन बसतात. मी एकीकडून एक द्रोण घेतला, खाल्ला, बिया खिशात टाकल्या, आणि लक्षात आलं की आजूबाजूला फुकटच्या बियांचा सडा पडला आहे. लोक खात होते, थुंकत होते आणि आठ-वीसच्या लोकलला धावत होते. निवृत्त, चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ वाकून वाकून दुसऱ्यांनी थुंकलेल्या बिया गोळा करतो आहे, हे दृश्य त्या बाईने बराच वेळ पाहिलं. मला संकोचल्यासारखं झालं; म्हटलं, "या घेतल्या तर चालतील ना?" ती म्हणाली, "जांभळं इकत, बिया फुकट."

त्या बिया मी धुतल्या, सावलीत वाळवल्या, काडेपेटीत घातल्या, पेटीवर तारीख लिहिली आणि पुढच्या जूनमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही. जांभळाच्या बीला साठवण सोसत नाही. ती ओलसर, जिवंत, घाईत असते, पंधरा दिवसांत मातीत गेली तर गेली. उलट टोकाचं उदाहरण इस्रायलचं. मसादाच्या किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी तिथल्या संशोधकांनी 2005 साली पेरली आणि तिला अंकुर फुटला. आमचं अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060 सालचं. शिलाहारांच्या त्या पाथरवटांनी पहिल्या दगडावर छिन्नी ठेवली तेव्हा तो खजूर निम्मी झोप काढून कुशीवर वळला असेल. आणि आमचं जांभूळ पंधरा दिवसही थांबायला तयार नाही. मला खजुराचा आदर वाटतो, पण जीव जांभळावर जडतो. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पेरलं, तर एकेका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं वर आली. जांभळात ते होतं. एकत्र कुटुंब आणि जागेची टंचाई. त्यांना कुणी अंबरनाथला राहायला शिकवलं कोण जाणे.

माझ्या पिशव्यांत सगळी देशी झाडं आहेत हे कळल्यावर सोसायटीतल्या एका अभ्यासू गृहस्थांनी विचारलं, "देशी म्हणजे नेमकं कधीपासूनचं?" प्रश्न वरवर वनस्पतिशास्त्राचा होता, पण त्याला तहसीलदार कचेरीचा वास होता. गुलमोहर मादागास्करचा, स्टेशनरोडवर छत्री धरून उभा असलेला पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, आणि टेकड्यांवर सरळ रेषेत उभी असलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आपल्या नावातच पत्ता सांगते. यांच्याकडे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला तर तो तेही देतील. आणि मी? वडील खेडचे, आई सावर्ड्याची, जन्म अंबरनाथच्या चाळीतला. गावाला गेलो की लोक "मुंबईवाले आले" म्हणतात आणि मुंबईला गेलो की "लांबून येता हो" म्हणतात. त्यामुळे गुलमोहराला हाकलण्याचा अधिकार मला पोचत नाही. माझं म्हणणं एवढंच असतं की उंबराला फळ धरलं की पाखरांची पंगत बसते, सावर फुलली की मैनांपासून कावळ्यांपर्यंत सगळे तिच्या फुलांत चोची घालतात, आणि हे यजमानपद शेकडो पिढ्यांच्या देण्याघेण्यातून येतं. नव्याने आलेल्याने ओसरीवर बसावं, जरूर बसावं. पण पंगतीचा वाढपी जुना असलेला बरा.

संख्येच्या बाबतीत मी मागे आहे हे मान्य करतो. 1950 साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै आला की आपल्याकडे झाडांचे आकडे उगवतात. महाराष्ट्र शासनाने 2016 साली दोन कोटींचा संकल्प सोडला, मग चार, मग तेरा, आणि 2019 साली तेहतीस कोटी. तेहतीस कोटी हा आकडा आपल्याकडे तोवर देवांसाठी राखून ठेवलेला होता. माझ्या गॅलरीतही पिशव्या तेहतीसच मावतात. कोटी तेवढे बाहेर ठेवावे लागतात. खालच्या मजल्यावर वाळणाऱ्या चादरींवर पाणी ठिबकतं म्हणून त्या तेहतीसांवरही अधूनमधून ठराव होतो.

पण सोसायटीला माझा उपयोग नाही असं नाही. एका पावसाळ्यात सेक्रेटरी घरी आले. "तुम्हाला झाडांतलं कळतं ना? मागच्या पाइपात पिंपळ उगवलाय, भिंत फोडील. तेवढा काढता का?" मी गच्चीवरून वाकून पाहिलं. माती नाही, खत नाही, पाणी न्हाणीघराचं, साबणाचं. एका पाखराने बसल्या बसल्या टाकलेली बी, आणि त्यातून कंबरेएवढा तजेलदार पिंपळ आमच्याकडे पाहून पानं हलवत होता. त्या वर्षी मी दोन-एक-एकच्या मापाने चाळलेल्या मातीत पिंपळाची बी तीनदा पेरली होती. बारीक चाळणीतून, झारीच्या तुषाराने, अगदी देवघरातलं काम करावं तशी. एकही नव्हती उगवली. आता ज्याला आत ये म्हणून विनवण्या केल्या त्याला भिंतीवरून ओढून काढायची जबाबदारी माझ्याचकडे आली. शिवमंदिराच्या दगडांच्या फटींतही असेच पिंपळ-वड डोकं वर काढतात. साडेनऊशे वर्षं माणसं ते उपटत आली असतील आणि पाखरं पेरत आली असतील, आणि या व्यवहारात कोण दमलं आहे हे देवालाच ठाऊक. मी पिंपळ काढला. मुळं फारशी न तोडता, हलक्या हाताने, सेक्रेटरींना वाटलं भिंतीच्या काळजीने. रात्री तो एका पिशवीत लावला. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात तो "काढून टाकण्यात आला" असा आहे. माझ्या गॅलरीत तो चौतिसावा आहे.

पिशवीची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रोप त्यात जास्त दिवस राहिलं की मूळ खाली जातं, बुडाला अडतं, वळतं आणि आतल्या आत वेटोळे घालू लागतं. वरून सगळं छान दिसतं, हिरवं, टवटवीत. मग आपण एके दिवशी ते मोकळ्या जमिनीत लावतो. आता चारी दिशा खुल्या असतात, पण मुळाला तो वेटोळा पाठ झालेला असतो. ते तसंच गोल गोल फिरत राहतं, नसलेल्या पिशवीच्या कडेकडेने. वर्षं जातात, झाड मोठं होतं, आणि एखाद्या वादळात बुडातून उपटून पडतं, तेव्हा लोकांना ती पिशवी दिसते. म्हणून लावताना पिशवी फाडायची, बुडाची गुंडाळी कापायची, कडेची मुळं बोटांनी हलकेच सोडवायची. हे मी वाचलं त्या दिवशी मला हसू आलं. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आहेत. सकाळी पाच वाजता अजूनही मला जाग येते. भोंगा नाही, पाळी नाही, पाच-बावन्नची गाडी पकडायची नाही. तरी मी उठून बसतो, आणि दोन खोल्यांत गोल गोल फिरतो. पहिली तीन वर्षं तर डबाही भरायला सांगत होतो. मग बायको म्हणाली, "अहो, खायचा कुठे बसून?" तिच्या परीने ती मूळ सोडवत होती.

त्या उल्हासनगरच्या दुकानात मी आता दर एप्रिलमध्ये जातो. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, "साईं, तुमच्याकडे कंडी होईल काय?" मला नाव कळेना. मग काटे, बारीक पानं, लांब शेंगा, रेताड जमीन, असं करत करत आम्ही शमीपर्यंत पोचलो. फाळणीनंतर त्यांची आई शिकारपूरकडच्या एका गावातून इथल्या छावणीत आली होती. लष्कराच्या मोकळ्या बराकी, गोणपाटाचे पडदे, एका खोलीत दोन कुटुंबं; 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं तेव्हाही पडदे गोणपाटाचेच होते. हे स्वतः बराकीत जन्मले. त्यांनी कंडी पाहिलेली नव्हती, फक्त ऐकलेली होती. अंगणातली कंडी, तिच्या सावलीतली खाट, तिच्या कोवळ्या शेंगांची भाजी. मी त्यांना म्हटलं की आमच्याकडे दसऱ्याला तिची पूजा होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. ते झाड तिकडेच राहिलं असं आई अखेरपर्यंत म्हणत असे, आणि ते इथे दर दसऱ्याला पुजलं जात होतं.

शमीचं मूळ वाळवंटात तीस मीटरपर्यंत खोल जातं म्हणतात. तिला वितीएवढी पिशवी देताना माझाच हात अवघडला. बिया रात्रभर भिजवल्या, आठवड्यात उगवल्या. त्यांच्या दुकानामागे बराकीची जुनी भिंत आणि नाला यांच्या मधे चारेक हात माती आहे. तिथे आम्ही दोघांनी मिळून ते रोप लावलं. पिशवी मी फाडली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही आमच्याच दुकानाची." मग घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "या वर्षी भाव वाढलाय, साईं. पण तुम्हाला जुन्याच भावात."

सावरीच्या त्या पहिल्या बीचं रोप या जुलैत लावलं. कोंडेश्वरच्या वाटेवर साडूंच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा एक माळ आहे, त्याच्या बांधावर. खरं तर ते आधीच लावायला हवं होतं, पण निघवत नव्हतं. एवढंसं खोड, तरी अंगभर काटे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तेव्हा इथल्या झाडाने उंचीआधी शस्त्रसज्जता पाहावी हे ठीकच. पाऊस बारीक पडत होता. दुधाची पिशवी मी ब्लेडने उभी चिरली. मुळं बुडाशी वळली होती. दीड वेटोळा झाला होता, त्याहून जास्त नाही. गुंडाळी कापली, बाकीची बोटांनी सोडवायला बसलो. वडिलांची बोटं आठवली, गूल आणि मेणाने कायम खरबरीत झालेली. रविवारी ती माझ्या केसांतून फिरली की केस अडकायचे. शेतकरी छत्री धरून उभा होता. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सावर काय लावताय? लाकूड काय कामाचं नाय तिचं." मी म्हटलं, "तेच बरं आहे."

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लाइट गेली होती. बायको देवापुढे बसली होती. तिने एक काडेपेटी कानाशी नेऊन हलवली आणि बाजूला ठेवली. "ही बहावा." दुसरी हलवली. "ही शमी." तिसरी हलवायला घेतली, थांबली, परत हलवली, आणि अंधारात माझ्या दिशेने वळून म्हणाली, "ही रिकामी लागते. लावून आलात वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग आणा इकडे काड्या," ती म्हणाली, "एक पेटी मोकळी झाली."